निंबोळी अर्क मारला तरी अळी जिवंत? बरोबरच आहे

कपाशीवर निंबोळी अर्क मारायचा, दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन पानं उलटून बघायची, अळ्या मजेत फिरताना दिसल्या की थेट कृषी सेवा केंद्र गाठायचं आणि "काहीतरी पावरचं द्या" म्हणायचं. गावोगाव हेच चालतं. औषधाची परीक्षा आपण एकाच गोष्टीवरून करतो, अळी लोळली का? बाजारातली बरीच रासायनिक औषधं किड्याच्या मज्जासंस्थेवर घाव घालतात, त्यामुळे तासाभरात रिझल्ट दिसतो आणि आपल्याला तीच सवय लागलीय. कडुलिंबाचं काम निराळं आहे, आणि ते समजून न घेता मारला तर अर्क खरंच वाया जातो.

1959 साली सुदानमध्ये टोळधाड आली होती, तेव्हा हाइनरिश श्मुटरर नावाचे जर्मन कीटकशास्त्रज्ञ तिथे होते. आजूबाजूचं सगळं हिरवं फस्त झालं पण कडुलिंबाची झाडं तशीच उभी, टोळ बसायचे आणि न खाता उडून जायचे. पुढे 1962 मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत एस. प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निंबोळीच्या मगजाची पूड पाण्यात कालवून पिकांवर फवारली, तिथेही तेच झालं, टोळ उतरले पण पिकाला तोंड लावेनात. 1968 मध्ये इंग्लंडच्या कील विद्यापीठात डेव्हिड मॉर्गन आणि बटरवर्थ यांनी निंबोळीतून यामागचं मुख्य द्रव्य वेगळं काढलं, त्याचं नाव अझाडिरॅक्टिन. कार्बनचे 35, हायड्रोजनचे 44 आणि ऑक्सिजनचे 16 अणू इतके गुंतागुंतीने बांधलेत की केंब्रिजमध्ये स्टीव्हन ले यांच्या टीमला हा रेणू प्रयोगशाळेत बनवायला 22 वर्षं लागली, 2007 मध्ये कुठे जमलं. आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर बांधावर निंबोळ्यांचा सडा पडलेला असतो आणि निम्मा पायाखाली जातो, असो.

आता तोंड का लावत नाहीत ते बघा. किड्याच्या तोंडाभोवती चव ओळखणारे बारीक केस असतात, अझाडिरॅक्टिन लागलं की त्यातल्या "हे खाऊ नको" सांगणाऱ्या पेशी पेटतात आणि साखरेची चव सांगणाऱ्या पेशी थंडावतात. वाळवंटी टोळाला तर एक पीपीएमच्याही (म्हणजे दहा लाख भागांत एक भाग) कितीतरी खाली एवढंसं प्रमाण पुरतं. पण सगळेच किडे असे नखरेल नाहीत, अमेरिकेतल्या एका नाकतोड्याला हजार पीपीएम दिलं तरी तो खुशाल खात राहतो. म्हणून "कडुलिंब सगळ्या किडींवर चालतो" असं कोणी सांगितलं तर जरा थांबा.

जी अळी खातेच तिच्यासाठी दुसरा डाव आहे. अळीला वाढायचं तर कात टाकावी लागते, त्यासाठी शरीरात इक्डायसोन नावाचं हार्मोन ठरलेल्या वेळी सुटावं लागतं, आणि अझाडिरॅक्टिन नेमकं ते वेळापत्रक बिघडवतं. मग कुणी अर्धी कात टाकून अडकते, कुणी कोषात जाताना वेडीवाकडी होते, कुणी पतंग झालीच तर अंडी कमी घालते. या सगळ्याला काही दिवस लागतात, तोवर अळी पानावर दिसत राहते पण तिचं खाणं मंदावलेलं असतं. म्हणजे दुसऱ्या दिवशी जिवंत अळ्या मोजण्यात अर्थ नाही, नव्या पानांवर भोकं किती वाढली ते चार-पाच दिवसांनी बघा. आणि मोठ्या, बोटाएवढ्या अळ्यांवर मारून उपयोग नाही, अंडी आणि बारीक अळ्या दिसतायत तेव्हाच मारायचं.

घरचा 5 टक्के अर्क बऱ्याच जणांना पाठ असतो. वाळवलेल्या 5 किलो निंबोळ्या बारीक कुटून 9 लिटर पाण्यात रात्रभर भिजत घालायच्या, 200 ग्रॅम धुण्याची पावडर 1 लिटर पाण्यात वेगळी विरघळवायची, सकाळी अर्क फडक्यातून पिळून गाळायचा, दोन्ही एकत्र करून पाणी टाकत 100 लिटर करायचं. रात्रभर भिजवायचं कारण अझाडिरॅक्टिन पाण्यात हळूहळू उतरतं, आणि पावडर कशाला तर निंबोळीचं तेल पाण्यात मिसळावं आणि पानावर धरावं म्हणून. उन्हातल्या अतिनील किरणांनी हा रेणू लवकर मोडतो, म्हणून संध्याकाळी फवारा. अल्कधर्मी पाण्यातही तो टिकत नाही, बोअरचं पाणी तसं असेल तर अर्क करून दोन दिवस ठेवणं म्हणजे नुसतं पाणी फवारणं, त्याच दिवशी संपवा. काही जण पाला उकळून अर्क करतात, त्यात दोन घोळ, एक तर अझाडिरॅक्टिन मुख्यतः बियांत असतं, पाल्यात फारच कमी, आणि जे असतं ते उकळून घालवायचं!

मग तयार बाटली घेतली तर? बाटलीवर 300, 1500, 10000 पीपीएम असे आकडे असतात. 10000 पीपीएम म्हणजे 1 टक्का, 300 म्हणजे 0.03 टक्के, त्यामुळे शेजाऱ्याने पंपाला किती टाकलं हे विचारून काही कळत नाही, आपल्या बाटलीवरचा आकडा वाचूनच डोस ठरवावा लागतो.

पण घरच्या अर्काचा एक फायदा मला फार आवडतो. मावा किडीच्या 40 पिढ्यांवर शुद्ध अझाडिरॅक्टिन वापरून बघितलं तेव्हा किडीत सुमारे 9 पट प्रतिकारशक्ती आली, मात्र निंबोळीचा अख्खा अर्क दिलेल्या माव्यात ती आली नाही. अर्कात अझाडिरॅक्टिनसोबत सलानिन, निंबिन अशी कितीतरी भावंडं असतात, किड्याने एकाशी जुळवून घेतलं तरी बाकीची उरतातच.

"वनस्पतीचं आहे म्हणजे निर्धोक" हे मात्र डोक्यातून काढा. निकोटिन वनस्पतीचंच आहे आणि माणसाला भयंकर विषारी आहे. डेरिस नावाच्या वेलीच्या मुळातलं रोटेनोन पेशीतलं ऊर्जा बनवण्याचं कामच बंद पाडतं, आणि उंदरांत पार्किन्सनसारखी लक्षणं निर्माण करायला संशोधक तेच वापरतात. दशपर्णी अर्कात, म्हणजे दहा झाडांच्या पाल्याच्या अर्कात, आपण कण्हेर टाकतो, तिच्यातली द्रव्यं हृदयाचे ठोके बिघडवतात, तरी उघड्या हाताने पाला चुरणारे दिसतातच. कडुलिंबाचं तेल लहान बाळाला पाजल्याने गंभीर विषबाधा झाल्याच्याही नोंदी आहेत.

राहिली गुलाबी बोंडअळी, तिथे अपेक्षा जपून ठेवा. अंड्यातून बाहेर आल्यावर ती थोड्याच वेळात पातीत (फुलाच्या कळीत) नाहीतर बोंडात शिरते, एकदा आत गेली की तिच्यापर्यंत अर्कही पोचत नाही आणि बाहेरून मारलेली बरीच औषधंही पोचत नाहीत. तिच्यासाठी कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे) लावून रोज सकाळी पतंग मोजायचे, सुरुवातीला पतंग दिसायला लागले की अंड्यांच्या टप्प्यावरच निंबोळी अर्क मारायचा, आणि सलग तीन रात्री सापळ्यामागे 8 किंवा जास्त पतंग यायला लागले तर निंबोळीच्या भरवशावर न थांबता कृषी विद्यापीठाच्या शिफारशीतलं औषध घ्यायचं.