करंटची परतीची वाट

वडिलांची येझदी मोटरसायकल 1976 ची. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली, 250 सीसी, दोन सायलेन्सरवाली. पावसाळ्यात नाशिकच्या त्र्यंबक रोडला अंधार पडला की हेडलाइटचा उजेड पुढच्या चाकापलीकडे जेमतेम जायचा. अंजनेरीच्या धुक्यात खड्डा दिसेपर्यंत चाक त्यात गेलेलं असायचं. गेल्या वर्षी ठरवलं, गाडी बाहेरून जशीच्या तशी ठेवायची आणि आतलं सगळं इलेक्ट्रिक नवं करायचं.

उजेड कमी का, याचं उत्तर शाळेतल्या ओहमच्या नियमात आहे. जुनी गाडी 6 व्होल्टची. 6 व्होल्टवर 24 वॅटचा बल्ब 4 अँपिअर ओढतो. पन्नास वर्षं जुन्या वायरिंगमध्ये स्विच, जोड, गंजलेली थिंबलं (वायरच्या टोकाच्या कड्या) मिळून 0.15 ओहम रोध सहज साठतो. तेवढ्यावर 0.6 व्होल्ट वाटेतच खर्च होतात, म्हणजे दहा टक्के. आणि फिलामेंटचा बल्ब फार हळवा असतो: व्होल्टेज दहा टक्के घटलं की उजेड जवळजवळ तीस टक्के घटतो. तोच बल्ब 12 व्होल्टचा घेतला तर करंट 2 अँपिअर, वाटेतली घट 0.3 व्होल्ट, म्हणजे फक्त अडीच टक्के. वायर तीच, जोड तेच.

म्हणून 12 व्होल्टचं ठरलं. वीज तयार करणारा डायनॅमो मात्र बदलला नाही, कारण त्यात एक सुंदर गोष्ट आहे. त्यात कायमचा चुंबक नसतो. आर्मेचर (फिरणारी गुंडाळी) फिरायला लागतं तेव्हा लोखंडात मागच्या वेळचं थोडंसं चुंबकत्व उरलेलं असतं. त्यावर थोडी वीज तयार होते, ती फील्डच्या, म्हणजे चुंबकत्व तयार करणाऱ्या, गुंडाळीत जाऊन चुंबकत्व वाढवते, त्याने वीज आणखी वाढते. वर्नर सीमेन्सने 1866 मध्ये हेच तत्त्व वापरलं होतं. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की ते उरलेलं चुंबकत्वही कधी कधी जातं, आणि डायनॅमो धडधाकट असूनही चार्जिंग होत नाही. अशा वेळी बॅटरीचा करंट फील्डला क्षणभर दिला की तो पुन्हा जागा होतो. लोक डायनॅमो भंगारात टाकतात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं.

व्होल्टेज ताब्यात ठेवणाऱ्या जुन्या रेग्युलेटरमध्ये थरथरणारे पॉईंट (टेकणारे-सुटणारे संपर्क) आणि कट-आउट असतो. इंजिन मंद चालताना बॅटरीचा करंट उलटा डायनॅमोत जाऊ नये, हे कट-आउटचं काम. नव्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमध्ये ते करंट एकाच दिशेने जाऊ देणारा डायोड करतो, झिजण्यासारखं काही नाही. तो फील्ड जास्त वाढू देतो, म्हणून 6 व्होल्टचाच डायनॅमो 12 व्होल्टपर्यंत जातो. फक्त त्याला जास्त वेगाने फिरावं लागतं, त्यामुळे सिग्नलला उभं असताना चार्जिंग होत नाही. दिवे एलईडीचे केले की भार इतका हलका होतो की ते चालून जातं.

खरी शिकवण मिळाली अर्थिंगने. चेसिस पावडर कोटिंग करून आणली, नवं वायरिंग घातलं, आणि ब्रेक दाबला की हेडलाइट मंद! इंडिकेटर लावला की टेललाइटही लुकलुकायचा. दोन दिवस मी नव्या रेग्युलेटरलाच दोष देत बसलो. सातपूरचे एक इलेक्ट्रिशियन काका आले, पेटी उघडायच्या आधीच म्हणाले, “अरे, करंट जातो ते सगळे बघतात. परत कुठून येतो ते बघ.”

दिवे लावून त्यांनी मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या अर्थच्या टोकाला आणि दुसरी हेडलाइटच्या बाउलला, म्हणजे धातूच्या वाटीला, टेकवली. आकडा आला 1.4 व्होल्ट. जिथे जवळजवळ शून्य हवं होतं! जुन्या गाडीत परतीची वायर नसते, चेसिसच ते काम करते. पावडर कोटिंग हे प्लास्टिकसारखं विद्युतरोधक असल्याने बोल्टखाली परतीची वाट बंद झाली होती, आणि करंट दुसऱ्या दिव्यांतून आडवाटेने जात होता. आम्ही बोल्टखालचं रुपयाएवढं कोटिंग खरवडलं, पेट्रोलियम जेली लावली, शिवाय हेडलाइट आणि इंजिनपासून थेट बॅटरीपर्यंत वेगळी अर्थ वायर ओढली. आकडा 0.05 वर आला.

जोडही सोल्डर न करता क्रिंप केले, म्हणजे पकडीने दाबून बसवले. सोल्डर वायरच्या तारांमध्ये वर चढतं, तेवढा भाग कडक होतो आणि थरथरीने नेमका त्याच्या कडेला तुटतो. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. तो दिव्यासाठी नसतो, वायर पेटू नये म्हणून असतो.

इग्निशनला, म्हणजे ठिणगी पाडायला, आता पॉईंटऐवजी हॉल सेन्सर आहे. एडविन हॉलला 1879 मध्ये दिसलं होतं की करंट वाहणाऱ्या पट्टीजवळ चुंबक आणला की पट्टीच्या आडव्या कडांमध्ये बारीकसं व्होल्टेज उभं राहतं. शाफ्टवरचा चुंबक सेन्सरसमोरून गेला की कॉईलचा करंट तुटतो आणि प्लगला ठिणगी पडते. टू-स्ट्रोक इंजिन दर फेऱ्याला एक ठिणगी मागतं, म्हणजे 4000 आरपीएमला (मिनिटाला 4000 फेरे) सेकंदाला 67. पॉईंट तेवढ्या वेळा उघडमिट करत झिजायचे, मग 0.4 मिलिमीटरचा गॅप पुन्हा लावा. सेन्सर कशाला टेकतच नाही.

इंडिकेटरचा जुना फ्लॅशर बल्बच्या करंटने तापून उघडमिट करतो. एलईडीचा करंट त्याला पुरत नाही, म्हणून इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर लागला.

परवा अंजनेरीपर्यंत जाऊन आलो. रस्त्याच्या कडेचे पांढरे पट्टे दूरवर दिसत होते. एकच अडचण राहिली आहे: एलईडी पुढच्या काचेला बल्बइतकी ऊब देत नाही, त्यामुळे पावसात काच आतून धुकं धरते. या रविवारी बाउलचं रबर बदलायला घेतो.