व्हीपीएन जोडलं, पण राउटर सापडेना

बाहेर असताना व्हीपीएन (घरच्या नेटवर्कपर्यंत नेणारा इंटरनेटवरचा सुरक्षित बोगदा) जोडल्याची हिरवी खूण दिसते, पण ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं तर घरच्या राउटरचं पान काही उघडत नाही. कधी कधी तर पान उघडतं आणि पासवर्डच चालत नाही. चालणार कसा? ते पान आपण जिथे बसलोय तिथल्या राउटरचं असतं!

ही सगळी पत्त्यांची भानगड. खासगी नेटवर्कसाठी तीन पट्टे राखून ठेवले गेले: १० ने सुरू होणारे पत्ते, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८. ते कुणीही, कुठेही वापरावेत. त्यामुळे कितीतरी राउटर कारखान्यातूनच १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ हा पत्ता घेऊन येतात. दोन्ही टोकांना एकच पट्टा असला, की लॅपटॉपला तो पत्ता शेजारचाच वाटतो आणि पाकीट (माहितीचा तुकडा) व्हीपीएनच्या बोगद्यात शिरतच नाही. घरचा पट्टा बदलून १९२.१६८.७३ असा काहीतरी आडवळणी करावा. मात्र घरी असतानाच. दुरून करणं म्हणजे बसल्या फांदीवर कुऱ्हाड.

पट्टे वेगळे आहेत, घरचा प्रिंटरही दिसतोय, फक्त राउटर दाद देत नाही? मग फायरवॉल, म्हणजे राउटरचा पहारेकरी, बघा. राउटरच्या लेखी 'माझ्यातून पुढे जाणारं' आणि 'माझ्याकडे आलेलं' पाकीट वेगळं. पुष्कळदा सेटिंगचं पान फक्त घरच्या पट्ट्यालाच खुलं असतं, आणि व्हीपीएनवरून येणारा माणूस वेगळ्या पट्ट्यातून येतो. त्या पट्ट्याला परवानगी द्यावी. वैतागून ते पान साऱ्या इंटरनेटला उघडं करू नये, एवढं ऐकाच.

मुळात जोडणीच होत नसेल, तर राउटरचा बाहेरचा पत्ता तपासा. तो १००.६४ ते १००.१२७ मधला असेल, तर सेवा देणाऱ्या कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेकांत वाटलाय; बाहेरून आलेली हाक तुमच्यापर्यंत पोचतच नाही. वायरगार्ड या प्रकारच्या व्हीपीएनमध्ये आणखी एक पेच: चावी चुकली तरी ते चकार शब्द काढत नाही. तिथे शेवटचा हँडशेक (दोन्ही टोकांची ओळख पटणं) कधी झाला, तेवढंच बघायचं.

आणि पिंग (जोडणी तपासायची छोटी हाक) जातंय पण पान अर्ध्यावर लटकतंय, तर पाकिटं फार मोठी आहेत. इथरनेटवर १५०० बाइट मावतात. वायरगार्डचं वेष्टन त्यातले ६० ते ८० खातं. एमटीयू, म्हणजे पाकिटाचा कमाल आकार, १२८० करून पाहा.