लिफ्टर हेडखाली कसे गेले: एलएस इंजिनातल्या एका कामाची पार्श्वभूमी

दोन लाख किलोमीटर पार केलेल्या कॉर्व्हेट किंवा कॅमारो या शेवरोले गाड्यांच्या एलएस (व्ही८) इंजिनात नवा कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा फुगवट्यांचा दांडा, घालायचं ठरलं की लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो: लिफ्टर जुनेच ठेवायचे की तेही बदलायचे? लिफ्टर म्हणजे कॅमच्या फुगवट्यावर (लोबवर) टेकणारा भाग; तो पुशरॉड नावाच्या दांडीने वरच्या रॉकरला ढकलतो आणि रॉकर व्हॉल्व्ह उघडतो. लिफ्टर एकूण सोळा. प्रत्येकाचा व्यास २१.४ मिलिमीटर, साधारण अंगठ्याएवढा. हेड, पिस्टन, क्रँक यांच्या तुलनेत किंमत किरकोळ. वाद होतो तो जागेवरून. या इंजिनात लिफ्टर बाहेर काढायचे तर दोन्ही हेड, म्हणजे सिलिंडरवर बसणारे भाग, उतरवावी लागतात. म्हणजे नव्या गॅस्केट आणि हेडचे नवे बोल्ट, कारण मूळचे बोल्ट एकदा ताणून बसवायचे असतात आणि पुन्हा वापरायचे नसतात. चार दिवसांचं काम आठ दिवसांवर जातं. शेवरोलेच्या त्याच कुळातल्या जुन्या व्ही८ इंजिनात असं नव्हतं.

आधी शब्दाचा घोळ सोडवलेला बरा. आपल्याकडच्या गॅरेजात लिफ्टरला टॅपेट म्हणतात, पण ‘टॅपेट सेटिंग’ हे काम टॅपेटवर होतच नाही. पद्मिनीचं किंवा जुन्या जीपचं झाकण उघडून मिस्त्री फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालायचा ती फट व्हॉल्व्हपाशी असायची, स्क्रूही तिथलाच फिरायचा. ओतीव लोखंडी इंजिनाच्या जुन्या बुलेटमध्ये ही जुळवणी खाली पुशरॉडच्या टोकाशी व्हायची. २००८ नंतरच्या नव्या इंजिनांमध्ये बुलेटला हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबाने फट भरणारे, टॅपेट आले आणि सेटिंग बंद झालं. २०२० च्या रॉयल एनफिल्ड मीटिओरपासून नव्या रचनेत स्क्रू पुन्हा आले. त्यामुळे आपल्याकडे ‘टॅपेट वाजतोय’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यापुढे स्क्रू आणि पाना येतो. एलएस इंजिनात फिरवायला असा स्क्रूच नाही. रॉकरचा बोल्ट ठरलेल्या ताकदीने, ३० न्यूटन-मीटरवर, घट्ट करायचा आणि झालं. उरलेली फट लिफ्टरच्या पोटातला छोटा प्लंजर तेलाच्या दाबाने भरून काढतो. लिफ्टर थकला की ती भरपाई करणारं दुसरं काहीच नसतं.

तेलाने फट भरण्याची कल्पना जुनी आहे. १९३० च्या सोळा सिलिंडरच्या कॅडिलॅकमध्ये ती होती, शांत चालणं हाच त्या गाडीचा दिमाख होता. १९५५ मध्ये शेवरोलेचं छोटं व्ही८ आलं. पुढची पंधरा-सतरा वर्षं त्यात दोन पंथ राहिले. रोजच्या गाडीला हायड्रॉलिक आणि जोरकस गाडीला घन (आत तेलाचा प्लंजर नसलेला) लिफ्टर, कारण चढ्या फेऱ्यांवर तेलाचा लिफ्टर फुगून व्हॉल्व्ह उघडा धरेल ही भीती होती. दोन्ही चपट्या तळाचेच. चपटा लिफ्टर कॅमच्या लोबवर घासत घासत स्वतःभोवती फिरतो आणि दोघं एकमेकांना झिजवून जुळवून घेतात. म्हणून एक नियम पक्का झाला: जुना लिफ्टर नव्या कॅमवर कधीही नाही. तेलातलं जस्त-फॉस्फरसचं द्रव्य ही या जोडीची ढाल होती. २००४ च्या सुमारास धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वाचवण्यासाठी नेहमीच्या तेलांतल्या फॉस्फरसवर ०.०८ टक्क्यांची मर्यादा आली, आणि जुन्या गाड्या जपणाऱ्यांची झोप उडाली.

तोवर मुख्य प्रवाह पुढे निघून गेला होता. १९८५ मध्ये फोर्ड मस्टँगच्या पाच लिटरच्या इंजिनात आणि १९८७ मध्ये शेवरोलेच्या छोट्या व्ही८ मध्ये तळाला चाक असलेले रोलर लिफ्टर आले. चाक असलेला लिफ्टर स्वतःभोवती फिरता कामा नये, नाहीतर चाक आडवं होऊन लोबला खरवडतं. म्हणून शेजारच्या दोघांना सरळ धरणारी एक पट्टी आणि तिला वरून दाबणारा, कोळ्यासारखे पाय असलेला पत्र्याचा भाग (‘कोळी’) बसवला. हे सगळं इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या भागाच्या) खालच्या खोलगट भागात. मॅनिफोल्ड काढला की सोळाही लिफ्टर समोर. हेडला हात लावायची गरज नसे.

१९९७ च्या कॉर्व्हेटमधून एलएस१ आलं आणि इथे लिफ्टर हेडखाली नेण्याचा निर्णय झाला. ५.७ लिटर, ३४५ अश्वशक्ती, ॲल्युमिनियमचा ब्लॉक. जुन्या इंजिनातून जवळजवळ काहीच घेतलं नाही, पण लिफ्टरचा व्यास तोच ठेवला. पट्टी आणि कोळी गेले. त्यांच्या जागी प्लॅस्टिकचे चार ट्रे आले. एका ट्रेमध्ये चार लिफ्टर, ट्रे धरायला एकच बोल्ट, आणि त्यावर हेड बसलेलं.

कारखान्याच्या बाजूने पाहिलं तर यात सोय आहे. भाग कमी झाले. ट्रे लिफ्टरला सरळही धरतो आणि थोडा चिमटतोही. रॉकर आणि पुशरॉड काढून कॅमला पूर्ण फेरा दिला की लोब सगळ्या लिफ्टरना वर ढकलतात, ट्रे त्यांना तिथेच पकडून ठेवतो आणि कॅम पुढून सरळ बाहेर येतो. हेड न उघडता कॅम बदलता येतो हा या इंजिनाचा मोठा गुण मानला गेला. घराघरांच्या गॅरेजांत एलएस इतकं रुजलं त्यात याचा वाटा आहे. नव्या इंजिनात हे छान चालतं.

जुन्या इंजिनात मात्र तीच सोय उलटते. वर्षानुवर्षं गरम तेलात राहिलेलं प्लॅस्टिक झिजतं, ताठर होतं, पकड सुटते. कॅम बाहेर ओढताना एखादा लिफ्टर खाली घसरला की काम एकदम वाढतं. यावर उपाय म्हणून कॅमच्या वरच्या बाजूला असलेल्या तेलाच्या दोन लांब वाटांमध्ये पुढून सळया सरकवायच्या आणि त्यांवर लिफ्टर टेकवून ठेवायचे, ही युक्ती निघाली. आज त्या सळया तयार मिळतात. युक्ती उत्तम आहे, पण तिने एक वाईट सवयही लावली असं माझं स्पष्ट मत आहे. सळयांमुळे हेड वाचतं. हेड वाचलं की ट्रे कोणी पाहत नाही. दोन लाख किलोमीटर धावलेले लिफ्टर, तेवढेच जुने ट्रे आणि त्यांवर जास्त उचल देणारा कॅम व कडक स्प्रिंग, असा संसार मांडला जातो. रोलर लिफ्टर नव्या कॅमवर पुन्हा वापरता येतो हे खरंच आहे, चपट्या लिफ्टरचा जुना नियम इथे लागू नाही. पण त्या सुटकेचा अर्थ ‘बदलायची गरजच नाही’ असा लावला गेला. रोलरच्या आत सुईएवढ्या बारीक रुळांचं बेअरिंग असतं. ते गेलं की चाक डगमगतं, लोबवर चर पडतो आणि लोखंडाचा भुगा तेलातून सगळ्या इंजिनात फिरतो. वाचवलेल्या गॅस्केटच्या पैशांत हे भरून निघत नाही.

बदलायचं ठरवलेल्यांसाठी मग ‘एलएस७ लिफ्टर’ हा मंत्र झाला. एलएस७ म्हणजे २००६ च्या कॉर्व्हेट झेड०६ चं सात लिटरचं, ५०५ अश्वशक्तीचं, ७००० फेऱ्यांपर्यंत जाणारं इंजिन. नावातच वजन. प्रत्यक्षात तोच लिफ्टर एलएस३ सारख्या साध्या भावंडांतही बसत होता. म्हणजे तो शर्यतीसाठी घडवलेला खास भाग नाही, कंपनीचा नेहमीचा चांगला भाग आहे. झिजलेल्या जुन्या लिफ्टरच्या जागी त्याच दर्जाचा नवा आला, एवढाच त्याचा अर्थ. त्याहून पुढे जायचं तर जोडीने पट्टीला बांधलेले लिफ्टर असतात. त्यांना प्लॅस्टिकच्या ट्रेची गरजच उरत नाही. काहींमध्ये सुईच्या बेअरिंगऐवजी साधं बुश असतं, त्यामुळे विखरायला सुयाच नाहीत. जुन्या, कॅम बदललेल्या इंजिनात अपग्रेड हा शब्द मला यांच्याच बाबतीत पटतो.

दरम्यान २००५ पासून गुंता वाढला. इंधन वाचवण्यासाठी निम्मे सिलिंडर झोपवण्याची व्यवस्था आली. कॅडिलॅकने १९८१ मध्ये आठ-सहा-चार सिलिंडरचा असाच प्रयोग केला होता, पण बहुतेक गाड्यांतून तो वर्षभरातच मागे घ्यावा लागला. नव्या रचनेत १, ४, ६ आणि ७ या सिलिंडरचे आठ लिफ्टर वेगळे असतात. तेलाचा दाब आला की त्यांच्या आतली कडी आत सरकते, लिफ्टर स्वतःतच दुमडतो आणि व्हॉल्व्ह बंद राहतो. कडी परत जागेवर आली नाही की सिलिंडर मेला, पुशरॉड वाकला, कधी लोबही गेला. २०१० च्या कॅमारो एसएसमध्ये ऑटोमॅटिक गाडीला ही व्यवस्था असलेलं एल९९ होतं, हाताने गिअर टाकायच्या गाडीला ती नसलेलं एलएस३. जुनी कॅमारो घेताना म्हणूनच पहिला प्रश्न गिअरबॉक्सचा विचारतात.

ही व्यवस्था नुसती संगणकातून बंद करणारे एक आणि मुळासकट काढणारे दुसरे, असे तट पडले. नुसती बंद केली तरी कडीचे आठ नाजूक लिफ्टर आत तसेच राहतात. काढायची तर सोळाही लिफ्टर, ट्रे, कॅम आणि सिलिंडरच्या दोन रांगांमधलं झाकण बदलावं लागतं, संगणकातली मांडणीही. जास्त धावलेल्या गाडीत मी दुसऱ्या तटाच्या बाजूने आहे. २०२१ मध्ये चिप्सच्या टंचाईमुळे जनरल मोटर्स या मूळ कंपनीलाच काही पिकअप या व्यवस्थेशिवाय विकाव्या लागल्या, गॅलनमागे मैलभराचा फटका सोसून.

मात्र टिकटिक ऐकू आली म्हणून थेट हेड उतरवण्याचीही घाई नको. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा मागचा बोल्ट तुटला की थंड इंजिनात हुबेहूब लिफ्टरसारखाच आवाज येतो. तेलपंपाच्या नळीवरची रबरी रिंग ताठर झाली की पंप हवा ओढतो आणि फेसाळ तेलावर चांगले लिफ्टरही वाजतात. नवे लिफ्टर घालून ती रिंग तशीच ठेवलेली इंजिनं पहिल्याच महिन्यात पुन्हा वाजू लागतात.

आणि पुशरॉड. मूळ लांबी ७.४ इंच, म्हणजे १८८ मिलिमीटर. हेड घासलं, गॅस्केट पातळ घातलं किंवा नव्या कॅमच्या लोबचा पायाच लहान असला की प्लंजर किती दबणार हे बदलतं. नेहमीच्या लिफ्टरला दीड-दोन मिलिमीटरचा दाब चालतो, शर्यतीच्या कमी चालीच्या लिफ्टरला त्याच्या निम्माही नाही. जुळवणीचा स्क्रू काढून टाकल्यापासून ते सेटिंग पुशरॉडच्या लांबीत येऊन बसलं आहे. म्हणून हेड परत बसवल्यावर, लांबी कमी-जास्त करता येणाऱ्या मापाच्या पुशरॉडने मोजूनच सोळा पुशरॉडची ऑर्डर द्यावी लागते.