झेड ब्रिजवरची गर्दी आणि डोळ्यांची काटकसर

पुण्यात मुठेवरचा भिडे पूल पाण्याखाली गेला की झेड ब्रिजवर गाड्या थांबायला लागतात. गेल्या पावसाळ्यात मीही थांबलो. रेनकोट घातलेला एक माणूस कठड्याला टेकून खाली टक लावून बघत होता, म्हणून मीही वाकलो. मुठेचं गढूळ पाणी, त्यात वाहत आलेली जलपर्णी. बाकी काही नाही. मागे वळलो तर आणखी सात-आठ जण माना खाली घालून उभे!

मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली न्यूयॉर्कमधला असाच एक प्रयोग प्रसिद्ध केला. फुटपाथवर उभं राहून सहाव्या मजल्याच्या खिडकीकडे बघत राहायचं, एवढंच काम. एकटाच माणूस बघत असला तर येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी ४२ टक्के लोक वर बघायचे, पण थांबायचे फक्त ४ टक्के. पंधरा जण बघत असले की वर बघणारे ८६ टक्के आणि थांबणारे ४० टक्के. मला यातली गंमत वेगळीच वाटते. मान वर करायला काही पडत नाही, थांबायचं म्हणजे वेळ मोडतो.

डोळ्याचा सगळा कारभारच असा हात राखून चालतो. (सदाशिव पेठेवरचे विनोद इथे नकोत.) डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी दहा कोटींच्या आसपास, आणि तिथून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत तंतू जेमतेम दहा लाख. सगळं पाठवणं शक्यच नाही. म्हणून शेजारच्या पेशी एकमेकींचे संदेश दाबतात. जिथे सगळं एकसारखं, तिथे जवळपास शांतता. जिथे उजेड-अंधाराची कड, तिथे गलका. हॉर्सशू क्रॅब या समुद्री प्राण्याच्या डोळ्यात ही दाबादाबी हार्टलाइन यांनी शोधली, १९६७च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

जे हलत नाही, तेही गाळलं जातं. पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांची सावली प्रकाशपेशींवर जन्मापासून पडते, पण ती जागची हलत नाही, म्हणून आपल्याला दिसत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बारीक दिवा फिरवला की सावली सरकते आणि क्षणभर पानगळ झालेल्या झाडाच्या फांद्या दिसतात. त्या आपल्याच रक्तवाहिन्या.

इतकं गाळूनही उरतं ते भरपूर. त्यातलं कुठे बघायचं, हे दुसऱ्याची नजर फुकटात सांगते. समोरचा कुठल्या दिशेला बघतोय त्यानुसार चेतणाऱ्या पेशी डेव्हिड पेरेट आणि सहकाऱ्यांना माकडांच्या मेंदूत, कानशिलाच्या बाजूला सापडल्या. डोळे दिसले तर डोळ्यांवरून, नाहीतर डोक्याच्या किंवा धडाच्या रोखावरून. मला पाठमोरा रेनकोट पुरला तो असाच कशामुळे तरी असावा.

वर्षाचं मूलही हेच करतं. "काऊ बघ, काऊ" म्हणत आई खिडकीकडे बघते. मूल आधी तिच्या डोळ्यांकडे बघतं, मग खिडकीकडे. शब्द कावळ्याला चिकटतो, खिडकीच्या गजाला नाही.

पुलावर मागून कुणीतरी मलाच विचारलं, "काय झालंय हो?" काय सांगणार! रेनकोटवाल्याला शोधलं, तर तो केव्हाच गाडी काढून नारायण पेठेकडे उतरला होता.