इंद्रायणीत गेलेली निम्मी खतं

तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, ही गोष्ट मराठी घरात लहानपणीच कानावर पडते. सांगता सांगता तिच्यातला एक तपशील मात्र गळून जातो. बुडवली ती निम्मी खतं. उरलेली निम्मी धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या वाट्याची होती, आणि ती तुकोबांनी त्याच्या हातात ठेवली, असं परंपरा सांगते. श्रद्धा आणि पैसा यांचा आपल्याकडे जो काही हिशेब आहे, त्याची सुरुवात मला या वाटणीपासून करावीशी वाटते.

तुकोबांचं, म्हणजे मोऱ्यांचं, घर देहूतलं प्रतिष्ठित. गावच्या बाजाराची महाजनकी त्यांच्याकडे, शेती होती, वाणसवदा आणि सावकारी होती, आणि विठ्ठलाची पूजाही पूर्वजांपासून त्याच घरात. देव आणि वही एका छताखाली नांदत होते, त्यात कुणाला विसंगती वाटत नव्हती. मग १६३० च्या आसपासचा तो भयंकर दुष्काळ आला. पहिली बायको अन्न अन्न करत गेली, पैसा आटला, मान गेला, धंद्यात तूट आली आणि त्याची लाज वाटली, हे सगळं तुकोबांनी स्वतःच अभंगात सांगून ठेवलं आहे. खतं बुडवण्याचा प्रसंग त्यानंतरचा. जे कुळ, म्हणजे कर्जदार, आपल्याइतकंच दुष्काळात होरपळलं, त्याच्या दारात वसुलीला कुठल्या तोंडाने उभं राहायचं, हा प्रश्न ज्याने उपास काढले त्यालाच पडू शकतो.

पण त्यांनी पैशाला विटाळ मानला नाही. ‘जोडोनिया धन उत्तम वेव्हारें, उदास विचारें वेच करी’ हे त्यांचंच वचन. इथला ‘उदास’ म्हणजे दुःखी नाही. पैशात जीव न गुंतवता खर्च करणारा, असा त्याचा अर्थ. आधी जोडणं आलं, तेही चोख व्यवहाराने. आणि सोडायची वेळ आली तेव्हा त्यांनी स्वतःच्याच वाट्याचं सोडलं. कान्होबाला संसार होता. आपल्या वैराग्याचा खर्च भावाच्या मुलाबाळांवर टाकायचा नाही, एवढं भान त्या माणसाला होतं. मला खतं बुडवण्यापेक्षा हे जास्त अवघड वाटतं.

व्याजाला मर्यादा असावी हा विचार मात्र तुकोबांच्याही कितीतरी आधीचा. धर्मशास्त्रातला दामदुपटीचा नियम सांगतो की एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये. शंभर दिले तर फार तर दोनशे मागा, मग कितीही वर्षं लोटोत. मुंबई इलाख्यातल्या इंग्रजी न्यायालयांनीही हिंदूंच्या व्यवहारात हा नियम मानला. तरीही एकोणिसाव्या शतकात पुणे आणि नगर जिल्ह्यांतला शेतकरी बुडाला, तो कागदाच्या एका वळणामुळे.

१८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जखताचं आयुष्य तीन वर्षं ठरवलं; त्यानंतर त्यावर कोर्टात दावा लावता येत नसे. हेतू चांगला होता, व्याज साचत राहू नये हा. झालं उलटं. तीन वर्षं भरत आली की सावकार नवं खत लिहून घेई आणि जुन्या व्याजासकट सगळी रक्कम नव्या खतात मुद्दल म्हणून चढे. साधा हिशेब मांडून पाहा. शंभर रुपये, दरमहा शेकडा दोन. तीन वर्षांत व्याज ७२, म्हणून नवं खत १७२ चं. पुढच्या तीन वर्षांनी २९५ च्या वर. नवव्या वर्षाच्या शेवटी ५०८ च्या वर. दामदुपटीने हा आकडा दोनशेवर थांबला असता. प्रत्येक खतापुरता नियम पाळला जात होता आणि माणूस मात्र बुडत होता. वाचता न येणाऱ्या कुळाचा अंगठा त्या कागदाखाली उमटे आणि कोर्ट तो कागद खरा धरी.

त्यातच अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं, त्या युद्धामुळे इथल्या कापसाला आलेला चढा भाव उतरला, त्या तेजीत सैल हाताने मिळणारं कर्ज आटलं आणि सरकारने शेतसाराही वाढवला. १२ मे १८७५, सुप्याचा बाजारचा दिवस. आसपासच्या गावांतले शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांकडे वह्या आणि खतं मागितली. हाती आली ती जाळली. दुकानं लुटली गेली, पण दंगलीचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता, आणि नंतर पसरलेल्या उठावांतही बहुतेक तसाच राहिला. शहाजीराजांच्या जहागिरीत पुण्याबरोबर ज्या सुप्याचं नाव येतं, तेच हे सुपे. देहू आणि सुपे एकाच पुणे जिल्ह्यात आहेत. एका गावात सावकाराने आपण होऊन खतं सोडली, दुसऱ्यात ती हिसकावून घ्यावी लागली. १८७९ च्या कायद्याने मग कोर्टाला खताच्या मागे जाऊन मूळ देणंघेणं तपासायला सांगितलं.

त्याच काळात पुण्यात दुसरं एक काम चाललं होतं. जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ ला सत्यशोधक समाज स्थापन केला. देव आणि माणूस यांच्यात मध्यस्थ नको, हा त्याचा धार्मिक विचार. पण भटजीशिवाय, थोडक्या खर्चात लागलेलं लग्न म्हणजे सावकाराकडची एक फेरी वाचली, हा त्याचा रोकडा अर्थ कुणब्याच्या घरात लगेच कळत होता. फुले स्वतः बांधकामाची कंत्राटं घेत. पैसा कसा येतो आणि कुठे गळतो, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

सावकाराला पर्याय आला तो मात्र दूरच्या गावातून, आणि त्याच्याही मुळाशी दुष्काळ आणि श्रद्धाच होती. जर्मनीतल्या वायरबुश या खेड्याचा प्रमुख फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझेन, श्रद्धाळू प्रोटेस्टंट. १८४६-४७ च्या उपासमारीच्या हिवाळ्यात त्याने गावाला धान्य आणि पाव मिळावा म्हणून मंडळ काढलं. पुढे १८६४ मध्ये हेडेसडोर्फला शेतकऱ्यांची पतसंस्था उभी केली. शेजाऱ्यावर प्रेम करा, ही बायबलमधली आज्ञा त्याने कर्जाच्या नियमांत उतरवली. सभासद एकाच परिसरातले, एकमेकांना ओळखणारे, आणि एकाने बुडवलं तर सगळे मिळून भरणारे. हिंदुस्थानात १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला तेव्हा ग्रामीण संस्थांसाठी हीच अमर्यादित जबाबदारी ठेवली गेली. आपल्या भाषेत त्यासाठी शब्द तयारच होता, पत. माणसाची अब्रू आणि त्याला उधार मिळण्याची ताकद, दोन्हींना आपण हाच शब्द वापरतो. १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्यात दामदुपटीचं तत्त्वही परत आलं.

आज गावोगावच्या पतसंस्थांच्या पाट्यांवर संतांची नावं दिसतात, आत विठोबाची तसबीर असते, लक्ष्मीपूजनाला वहीवर कुंकवाचं स्वस्तिक निघतं. मला यात ढोंग दिसत नाही. फक्त तिथे बसलेल्या माणसाची जागा तुकोबांची नाही, हे ओळखायला हवं. संस्थेतला पैसा ठेवीदारांचा असतो. कुणाची निवृत्तीची पुंजी, कुणा विधवेची ठेव, कुणाचं मुलीच्या लग्नासाठी साठवलेलं. संचालकाच्या कपाटातली सगळीच्या सगळी खतं कान्होबाच्या वाट्याची असतात. त्याला सोडायचं असेल तर स्वतःचा भत्ता सोडता येतो, स्वतःच्या नातलगाला कर्ज नाकारता येतं. कर्जदाराचं पीक गेलं तर हप्ते पाडून देता येतात, मुदत वाढवता येते, जामीनदाराला आधी विश्वासात घेता येतं. खत मात्र त्याला नदीत सोडता येत नाही.