क्रोन्स की आतड्याचा लिम्फोमा? स्टिरॉइडनं दोन्ही शमतात

सोलापुरात गड्ड्याची यात्रा भरते तेव्हा पहाटे चादर लागते. त्या थंडीत मामांची चादर रात्रीतून दोनदा बदलावी लागायची, इतकी घामानं भिजायची. एप्रिलात इथं सगळेच भिजतात. जानेवारीतला हा घाम मात्र आम्ही डॉक्टरांना सांगितलाच नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

पोटदुखी, जुलाब, ताप, वजन उतरलेलं. लहान आतडं जिथं मोठ्याला मिळतं तिथं दुर्बिणीत व्रण दिसले आणि क्रोन्स, म्हणजे आतड्याचा दाह, असं निदान झालं. लिम्फोमा हा लसिका पेशींचा कर्करोगही तिथंच होतो, लक्षणंही हीच, शिवाय रात्रीचा असा घाम. (क्षयही तिथलाच, म्हणून आपल्याकडे तोही तपासतात.) शौचातलं कॅल्प्रोटेक्टिन, म्हणजे आतड्याची सूज दाखवणारं प्रथिन, क्रोन्स आणि लिम्फोमा दोन्हींत वाढू शकतं.

फरक दिसतो तो आतड्याच्या भिंतीत. क्रोन्सचे व्रण तुटक, मधेमधे चांगलं आतडं. जुन्या सुजेनं भिंत आखडते, वाट अरुंद होते, कुणाला भगंदर होतं. लिम्फोमात भिंत पेशींनी भरून जाड होते, पण नळी आवळण्याऐवजी बऱ्याचदा फुगते आणि शेजारच्या लसिका ग्रंथी मोठ्या होतात. सीटी स्कॅनमध्ये संशय येतो, खात्री बायोप्सीनंच.

तीही चकवते. लिम्फोमा बरेचदा अस्तराखाली वाढतो. चिमट्यानं वरवरचा तुकडा घेतला की रिपोर्टात नुसती 'सूज' येते. मामांचं तेच झालं. प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सुरू झालं नि आठवड्यात ते कडक भाकरी आणि शेंगाचटणी मागायला लागले. गुण आला म्हणजे निदान बरोबर, असं आम्ही धरून चाललो. पण स्टिरॉइड लिम्फोमाच्या पेशीही मारतं. गाठ काही दिवस आक्रसते आणि तेव्हा घेतलेल्या तुकड्यात रोग सापडेलच असं नाही. म्हणून शंका असेल तर खोलवरचे, भरपूर तुकडे स्टिरॉइडच्या आधीच घेतलेले बरे. डॉक्टरांना हे विचारायला संकोच करू नका.

दोन महिन्यांनी ताप परतला. या वेळच्या खोल तुकड्यांवर सीडी २० ची, म्हणजे बी-पेशी या लसिका पेशींवरच्या खुणेची, तपासणी झाली आणि मोठ्या बी-पेशींचा लिम्फोमा निघाला. क्रोन्स जन्मभर सांभाळावा लागतो; हा लिम्फोमा केमोनं पुष्कळदा पूर्ण बरा होतो, फक्त वेळ दवडून चालत नाही.

तुकडा मेणात बसवून ठेवतात, त्याला ब्लॉक म्हणतात. दुसऱ्या मतासाठी तो लॅबकडून मागून घेता येतो. काडेपेटीपेक्षाही लहान असतो. मामांचा मी शर्टाच्या खिशात घालून सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला नेला होता.