आकाशातली उलटी उतरंड

अमेरिकेत छोटे खासगी विमान उडवणाऱ्याला असलेली एक मुभा ऐकून आपल्याकडच्या वैमानिकाला नवल वाटेल. हवा स्वच्छ असेल आणि वाट मोठ्या विमानतळांपासून दूर असेल, तर त्याने कोणालाही विचारायचे नाही. फ्लाइट प्लॅन भरायचा नाही, रेडिओवर बोलायचे नाही, सरळ निघायचे. धुळ्याहून किंवा बारामतीहून दुसऱ्या गावी विमान न्यायचे तर आपल्याकडे आधी कागद भरून एडीसी नंबर, म्हणजे हवाई संरक्षणाच्या परवानगीचा क्रमांक, मिळवावा लागतो. तिकडे आकाश मुळात मोकळे आहे आणि त्यात मधेमधे कुंपण घातलेले तुकडे आहेत. या कुंपणाला ना तार ना खांब. ते फक्त नकाशावर दिसते. म्हणून चुकून आत शिरणारेही तिकडेच जास्त.

ही कुंपणे एका बैठकीत ठरलेली नाहीत. ३० जून १९५६ रोजी लॉस एंजलिसहून टीडब्ल्यूए आणि युनायटेड या कंपन्यांची दोन विमाने तीन मिनिटांच्या अंतराने निघाली आणि ग्रँड कॅन्यनवर एकमेकांवर आदळली. १२८ जण गेले. तिथे त्यांच्यावर कोणाचेच नियंत्रण नव्हते. ‘पाहा आणि टाळा’ एवढाच नियम होता आणि दोन्ही विमाने तो आपापल्या डोळ्यांच्या भरवशावर पाळत होती. यानंतर १९५८ मध्ये कायदा होऊन आजच्या एफएएची, म्हणजे हवाई वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेची, स्थापना झाली. १६ डिसेंबर १९६० रोजी न्यूयॉर्कवर पुन्हा तेच घडले, पण एका फरकाने. या वेळी दोन्ही विमाने नियंत्रकांच्या हाताखाली होती. युनायटेडच्या डीसी-८ ला एका ठरावीक बिंदूपाशी घिरट्या घालत थांबायचे होते. त्याच्या दोन दिशादर्शक रिसीव्हरांपैकी एक बंद होता. ते सुमारे ११ मैल पुढे निघून गेले आणि दुसऱ्याच विमानाच्या वाटेत शिरले. जमिनीवरचे सहा धरून १३४ मृत्यू.

१९७० पासून मोठ्या शहरांभोवती ‘टर्मिनल कंट्रोल एरिया’, म्हणजे परवानगीशिवाय शिरायचे नाही असे आकाशाचे तुकडे, आखायला सुरुवात झाली. त्याचा आकार समजला नाही तर पुढची गोष्ट कळणार नाही. विमान उतरताना हळूहळू खाली येते, म्हणून विमानतळाजवळ नियंत्रण थेट जमिनीपासून हवे. लांब गेल्यावर ते वरच्या थरापुरते पुरते. अमेरिकन वैमानिक याला लग्नाचा उलटा केक म्हणतात. मराठी माणसाने नाव ठेवले असते तर उलटी उतरंड म्हटले असते. सर्वांत लहान मडके तळाला, त्यावर मोठे, त्याहून मोठे सर्वांत वर. परवानगी न घेता जायचे तर वरच्या मडक्यांच्या बाहेर आलेल्या कडांखालून जायचे. आता कड कुठे संपते आणि तिचा तळ किती फुटांवर आहे, हे उडता उडता नकाशावरून ताडायचे.

३१ ऑगस्ट १९८६, रविवार, लॉस एंजलिस. एका खासगी वैमानिकाने टॉरन्सहून पायपर आर्चर हे चार आसनी विमान घेऊन उड्डाण केले. सोबत दोघे होते आणि जायचे होते बिग बेअर या डोंगरातल्या गावी. वाटेत उतरंडीचा एक त्रिकोणी तुकडा आडवा येत होता, ६,००० ते ७,००० फुटांच्या दरम्यानचा. त्याच्या खालून गेले तर कोणाला विचारायची गरज नव्हती. पायपर त्याच्या आत चढले. त्याच वेळी मेक्सिको सिटीहून थांबे घेत आलेले एरोमेक्सिकोचे डीसी-९ उतरण्याच्या तयारीत होते, ६४ जणांना घेऊन. आकाश निरभ्र होते. तरी कोणीच कोणाला पाहिले नाही, किंवा पाहिले असेल तर ते टाळण्यासाठी पुरले नाही. ६,५६० फुटांवर पायपर डीसी-९ च्या शेपटीवर आदळले, शेपटीचा आडवा पंख तुटला आणि मोठे विमान सेरिटोस या उपनगरातल्या घरांवर कोसळले. विमानांतले ६७ आणि जमिनीवरचे १५ मिळून ८२ जणांचा जीव गेला.

तळाच्या वर फक्त ५६० फूट. जमिनीवर हे अंतर चालायला दोन मिनिटे लागतात.

नियंत्रकाचे काय? पायपरमध्ये ट्रान्सपाँडर, म्हणजे रडारला उत्तर देणारे यंत्र, होते, पण उंची कळवणारा ‘मोड सी’ नव्हता. म्हणजे रडारवर विमान कुठे आहे ते कळू शकत होते, किती वर आहे ते नाही. ठिपका हद्दीखालून चालला आहे की हद्दीतून, हे पडद्यावरून ओळखणे अशक्य होते. नियंत्रकाने आपल्याला पायपर दिसलेच नाही असे सांगितले. आणि दैव असे की त्याच सुमारास दुसरे एक छोटे विमान, ग्रुमन टायगर, परवानगीशिवाय आत घुसले होते आणि नियंत्रक त्याच्याशी बोलण्यात गुंतला होता. एक चुकलेला वैमानिक दुसऱ्या चुकलेल्याची आड झाला.

चौकशी मंडळाने मुख्य कारण म्हणून पायपरच्या वैमानिकाकडे बोट दाखवले नाही, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. मुख्य कारण ठरले ते हवाई नियंत्रण व्यवस्थेचे अपुरेपण. चुकून झालेला प्रवेश आणि ‘पाहा आणि टाळा’ची मर्यादा ही साहाय्यक कारणे. पुढे न्यायालयात ज्यूरीने दोष वैमानिक आणि एफएए यांच्यात समान वाटला.

मग नियम भराभर आले. मोठ्या विमानतळांभोवती ३० सागरी मैलांच्या वर्तुळात मोड सी सक्तीचा झाला. ३० हून जास्त आसनांच्या प्रवासी विमानांत टीसीएएस, म्हणजे समोरच्या विमानाचा ट्रान्सपाँडर ऐकून ‘वर जा’, ‘खाली जा’ असे सांगणारे यंत्र, बंधनकारक झाले. हेच यंत्र आपल्याकडे सक्तीचे व्हायला १२ नोव्हेंबर १९९६ ची चरखी दादरीची टक्कर आणि ३४९ मृत्यू व्हावे लागले. १९९३ मध्ये अमेरिकेने आकाशाची आंतरराष्ट्रीय वर्गवारी स्वीकारली आणि उतरंडीचे नाव ‘क्लास बी’ झाले. वैमानिक आजही त्याला नुसते ‘ब्राव्हो’ म्हणतात.

एवढे होऊनही माणसे शिरतच राहतात. वाऱ्याने विमान बाजूला सरकते. उंचीमापकात हवेचा दाब जुनाच राहतो आणि काटा शंभर-दोनशे फूट खोटे बोलतो. जीपीएस आल्यावर चूक संपेल असे वाटले होते, पण त्याने सरळ रेषेत जायची चटक लावली आणि सरळ रेष कधीकधी नेमकी कुंपणातून जाते. डोळ्यांचे तर विचारू नका. मुंबईकरांना सांगायला नको. सांताक्रूझ समजून जुहूला उतरलेल्या विमानांची गोष्ट शहरात अजून निघते. १९५३ मध्ये बीओएसी या ब्रिटिश कंपनीचे कॉमेट विमान तिथे उतरले आणि काही दिवसांनी उडूनही गेले. २४ सप्टेंबर १९७२ ला उतरलेले जपान एअरलाइन्सचे डीसी-८ मात्र छोट्या धावपट्टीच्या पुढे गेले आणि पुन्हा उडाले नाही. हे सगळे अनुभवी, पगारी वैमानिक होते.

चूक करणाऱ्याशी कसे वागायचे, याचे उत्तर सेरिटोसच्याही आधी सापडले होते. १ डिसेंबर १९७४ रोजी टीडब्ल्यूएचे विमान वॉशिंग्टनजवळच्या डोंगरावर आदळले, ९२ ठार. नंतर कळले की सहाच आठवड्यांपूर्वी युनायटेडचे एक विमान, किती खाली उतरायचे याबद्दलच्या त्याच गैरसमजातून, तिथे थोडक्यात वाचले होते. युनायटेडने आपल्या वैमानिकांना सावध केले होते, पण बाकीच्यांपर्यंत बातमी गेलीच नाही. म्हणून १९७६ मध्ये चूक स्वतःहून कळवण्याची यंत्रणा सुरू झाली आणि ती एफएएने चालवली नाही, नासाकडे सोपवली. ज्याच्या हातात दंडुका आहे त्याच्याकडे कोण कबुली देणार? अजाणता हद्द ओलांडली असेल तर दहा दिवसांत अर्ज भरायचा. नाव काढून टाकले जाते आणि लायसन्स निलंबनापासून सहसा बचाव होतो. तिकडच्या क्लबांत ‘नासा भरलास का?’ हा नेहमीचा प्रश्न.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर वॉशिंग्टनभोवती जे निर्बंधांचे वर्तुळ पडले, त्यात मात्र हा मवाळपणा चालला नाही. जून २००४ मध्ये माजी अध्यक्ष रेगन यांच्या अंत्यविधीसाठी येणाऱ्या केंटकीच्या गव्हर्नरांच्या विमानाचा ट्रान्सपाँडर बिघडला आणि संसद भवन रिकामे करावे लागले. ११ मे २००५ ला पेनसिल्व्हेनियाहून नॉर्थ कॅरोलायनाला निघालेले सेसना १५०, आत एक शिकाऊ आणि एक परवानाधारक, व्हाइट हाउसपासून तीनेक मैलांपर्यंत पोचले. एफ-१६ लढाऊ विमानांनी इशाऱ्याचे पेटते फ्लेअर सोडले, हजारो लोक कार्यालयांतून रस्त्यावर धावले. अध्यक्ष बुश तेव्हा मेरिलंडमध्ये सायकल चालवत होते. त्यांना सगळे आटोपल्यावर सांगण्यात आले. परवानाधारकाचा परवाना रद्द झाला, शिकाऊ माणसावर कारवाई झाली नाही. २००९ पासून वॉशिंग्टनच्या ६० मैलांच्या परिघात नजरेच्या भरवशावर उडणाऱ्या प्रत्येकाला खास प्रशिक्षण घ्यावे लागते.

लॉस एंजलिसमध्ये उलट वाटही काढली गेली. तिथल्या मोठ्या विमानतळाच्या अगदी डोक्यावरून छोट्या विमानांसाठी एक बोळ होता. सेरिटोसनंतरच्या धास्तीत, १९८७ मध्ये, तो बंद केला गेला. खासगी वैमानिकांनी ओरड केली. आम्हाला सरळ वाट दिली नाहीत तर आम्ही वळसे घालू आणि वळसे घालताना आणखी कुठे तरी चुकू, असे त्यांचे म्हणणे. बोळ नव्या नियमांसह पुन्हा उघडला. दक्षिणपूर्वेला जाणाऱ्याने ३,५०० फुटांवर राहायचे, वायव्येला जाणाऱ्याने ४,५०० वर, ट्रान्सपाँडरवर १२०१ हा संकेतांक लावायचा, दिवे सुरू ठेवायचे. खाली धावपट्टीवर जंबो विमाने उतरत असतात आणि ब्राव्होच्या ऐन पोटातून चार आसनी विमान कोणाशी एक शब्द न बोलता पार होते.